अभ्यासासाठी ‘बुद्धीच्या गोळ्या’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांपासून हाकेच्या अंतरावर माझे औषधांचे दुकान आहे. रात्री शटर ओढण्याच्या सुमारास एखादा मुलगा किंवा मुलगी येते, मोबाईलवर स्ट्रिपचा फोटो दाखवते आणि हलक्या आवाजात विचारते, “काका, ही आहे का?” चिठ्ठी नसते, आजारही नसतो, पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असते. काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते येथे सविस्तर लिहिले आहे. प्रश्न तुमचेच आहेत. ज्यांना आजारामुळे डॉक्टरांनी ही औषधे दिली आहेत, त्यांच्यासाठी हे लेखन नाही आणि ते वाचून त्यांनी आपले औषध बंद करू नये.

१. नेमक्या कोणत्या औषधांबद्दल हे प्रश्न आहेत?

प्रामुख्याने दोन औषधांबद्दल. पहिले मोडॅफिनिल. त्याचा शोध फ्रान्समध्ये लागला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला नार्कोलेप्सीसाठी मान्यता मिळाली. या आजारात माणसाला भर दिवसा, बोलता बोलता अनावर झोप येते. झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांची दिवसाची पेंग आणि रात्रपाळीमुळे बिघडलेले झोपेचे चक्र यांसाठीही ते पुढे दिले जाऊ लागले. आर्मोडॅफिनिल हे त्याचेच भावंड आहे.

दुसरे मिथाइलफेनिडेट. ते एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकारासाठी दिले जाते. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिअँड्रो पॅनिझॉन यांनी ते १९४४ मध्ये तयार केले. रिटालिन हे त्याचे व्यापारी नाव त्यांच्या पत्नीच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून आले. त्या टेनिस खेळण्याआधी ते घेत असत, असे सांगतात. निरोगी माणसाने कामगिरीसाठी औषध घेण्याची गोष्ट या औषधाच्या जन्माइतकीच जुनी आहे, ती अशी.

अमेरिकेत विद्यार्थ्यांमध्ये चालणारे ऍडरॉल हे अँफेटामिन या उत्तेजकांच्या गटातले आहे (प्रश्न १२ पाहा). प्रोप्रॅनोलॉल आणि पिरासिटाम यांविषयी अनुक्रमे प्रश्न १० आणि ११ मध्ये लिहिले आहे.

२. या गोळ्यांनी हुशारी वाढते का?

वाढते ती जाग, आणि काम करत राहण्याची इच्छा. मिथाइलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने पेशींत परत शोषली जाणे रोखते. त्यामुळे समोरचे कंटाळवाणे काम तेवढ्यापुरते रंजक वाटू लागते. आकलन ही यापेक्षा वेगळी बाब आहे आणि या विषयावरचे संशोधन वाचताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

मोडॅफिनिलच्या बाजूने सांगण्यासारखेही आहे. झोप पूर्ण झालेल्या निरोगी माणसांवर १९९० ते २०१४ या काळात झालेल्या २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजन आणि निर्णय यांची गरज असलेल्या गुंतागुंतीच्या चाचण्यांत काही फायदा दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र बहुतेक प्रयोग एकाच डोसचे आणि प्रयोगशाळेतले होते. वर्षभर चालणाऱ्या अभ्यासाबद्दल त्यांतून फारसे काही कळत नाही.

दोन प्रयोग परीक्षार्थींनी अवश्य समजून घ्यावेत. जर्मनीत ३९ बुद्धिबळपटूंना मोडॅफिनिल, मिथाइलफेनिडेट, कॅफिन आणि रिकामी (औषध नसलेली) गोळी आळीपाळीने देऊन संगणकाविरुद्ध १५ मिनिटांचे डाव खेळायला लावले. औषध घेतल्यावर खेळाडू प्रत्येक चालीवर जास्त वेळ विचार करू लागले आणि घड्याळावर जास्त डाव हरले. वेळ संपून गेलेले डाव बाजूला काढले, तेव्हाच खेळात सुधारणा दिसली. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात दोन तासांत १०० प्रश्न सोडवावे लागतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. वेळ कमी पडल्यामुळे ज्याचे शेवटचे १५ प्रश्न राहतात, त्याला या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरा प्रयोग मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तूंपैकी कोणत्या पिशवीत भराव्यात, म्हणजे वजनाची मर्यादा न ओलांडता जास्तीत जास्त मूल्य मिळेल, असे कोडे ४० निरोगी व्यक्तींना घातले होते. मिथाइलफेनिडेट, मोडॅफिनिल किंवा डेक्सअँफेटामिन घेतलेल्यांनी जास्त वेळ आणि जास्त कष्ट घेतले. पण त्यांच्या प्रत्येक चालीचा दर्जा घसरला. वस्तू आत टाक, बाहेर काढ, असे होत राहिले. औषधाविना जे सरासरीपेक्षा वर होते, ते औषधानंतर अनेकदा सरासरीच्या खाली गेले. ज्यांची तयारी आधीच चांगली आहे, त्यांच्यापुढे गमावण्यासारखे जास्त आहे.

३. पण मला स्वतःला फरक जाणवला. तो खोटा कसा म्हणता?

जाणीव खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तपासावा लागतो. अमेरिकेत ४६ निरोगी तरुणांना अँफेटामिन आणि रिकामी गोळी वेगवेगळ्या वेळी देऊन स्मरणशक्ती, सर्जनशीलता, बुद्धिमत्ता अशा अनेक चाचण्या घेतल्या. बहुतेक चाचण्यांत औषधाने फरक पडला नाही. पण “आज माझी कामगिरी सुधारली” असे औषध घेतलेल्यांना वाटले. मोडॅफिनिलवरच्या १९९० च्या दशकातील एका प्रयोगात, दीर्घकाळ जागवलेल्या व्यक्तींमध्ये स्वतःच्या उत्तरांबद्दलचा फाजील आत्मविश्वास आढळला. चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षेत हा आत्मविश्वास महाग पडतो: पुसटशी शंका आली तर जो प्रश्न सोडून दिला असता, तोच ठामपणे चुकवला जातो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने अशा रात्री काढलेल्या नोट्स मला दाखवल्या होत्या. पंचायत राजवरची नऊ पाने होती. समासाला दोन रंगांच्या रेघा, प्रत्येक शीर्षकाला चौकट, समित्यांची नावे सुबक अक्षरात. पुस्तकातला मजकूर त्याने जवळजवळ जसाच्या तसा उतरवला होता. “काका, सलग सहा तास बसलो,” हे त्याने अभिमानाने सांगितले आणि त्या वेळी मलाही कौतुक वाटले. आठवड्याने तो स्वतःच सांगायला आला, की त्या नऊ पानांतले बलवंतराय मेहता समितीचे साल सुद्धा त्याला आठवत नव्हते. बसणे झाले होते, शिकणे राहिले होते. तुम्हाला फरक जाणवला असेल, तर तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्याच घटकावरचे ५० प्रश्न सोडवून पाहा आणि नेहमीच्या गुणांशी ताडून पाहा.

४. रोज नाही, फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री एकच गोळी घेतली तर?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: हीच वेळ सर्वांत वाईट. मोडॅफिनिलचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण १५ तास लागतात. रात्री १० वाजता घेतलेल्या गोळीचा निम्मा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता, म्हणजे तुम्ही पेपर देऊन बाहेर पडत असता तेव्हाही, रक्तात असतो. दरम्यानची रात्र गेलेली असते.

त्या रात्री झोपेत मेंदू दिवसभर वाचलेले पक्के करत असतो. औषध पेंग दाबते, पण झोपेत होणारे हे काम करून देत नाही. शिवाय परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदाच एखादे औषध अंगात असताना डोके दुखेल, मळमळेल, छाती धडधडेल की काही होणार नाही, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. डोकेदुखी आणि मळमळ या तर मोडॅफिनिलच्या नेहमीच्या तक्रारी आहेत. सहा महिन्यांचे कष्ट अशा अनोळखी गोळीच्या हवाली करू नका, एवढे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

५. मग कॉफी आणि ही गोळी यांत फरक काय?

कॅफिनही उत्तेजक आहे, पण त्याचा वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, मात्रा घोटाघोटाने कमीजास्त करता येते आणि मर्यादा ठाऊक आहे: निरोगी प्रौढाने दिवसात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घेणे सामान्यतः सुरक्षित मानले जाते. गर्भवतींसाठी ही मर्यादा निम्मी आहे. झोप मात्र कॉफीनेही उडते, त्यामुळे संध्याकाळनंतर तीही नको. कॉफी आणि मोडॅफिनिल एकत्र घेणाऱ्यांना धडधड आणि अस्वस्थता जास्त जाणवते.

६. दुष्परिणाम कोणते, आणि कोणी ही औषधे अजिबात घेऊ नयेत?

दोन्ही औषधांनी झोप उडणे, भूक मरणे, डोकेदुखी, चिडचिड, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढणे हे होऊ शकते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, पूर्वी झालेला उन्माद किंवा भ्रम होण्याचा आजार आणि तीव्र चिंताविकार असलेल्यांना धोका अधिक आहे. मिथाइलफेनिडेट काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि नैराश्यावरच्या एमएओआय गटातील औषधांसोबत चालत नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाने आपला रक्तदाब कधी मोजलेलाच नसतो, म्हणून “मला काही आजार नाही” या वाक्यावर मी विसंबून राहत नाही.

मोडॅफिनिलचा एक दुष्परिणाम दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आहे: स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. त्यात ताप येतो, अंगावर पुरळ उठते, तोंडात आणि डोळ्यांत फोड येतात व त्वचा सुटू लागते. गोळी घेतल्यानंतर पुरळ दिसली तर औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठा आणि काय घेतले ते डॉक्टरांना न लपवता सांगा. ते चिठ्ठीशिवाय घेतले म्हणून रागावतील, या भीतीने गप्प राहणे फार धोक्याचे आहे.

७. गर्भनिरोधक गोळ्यांवर मोडॅफिनिलचा परिणाम होतो, हे खरे आहे का?

होय, आणि हे मुलींना जवळपास कोणीच सांगत नाही. मोडॅफिनिलमुळे यकृतातील काही विकरे वाढतात आणि संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या शरीरात लवकर निकामी होतात. औषध बंद केल्यानंतरही सुमारे महिनाभर हा परिणाम राहू शकतो. दुसरीकडे, गरोदरपणात मोडॅफिनिल घेतल्यास बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका असल्यामुळे ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये ते गरोदरपणात वापरू नये असे कळवले. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे धोका लक्षात येतो. विवाहित परीक्षार्थी, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, आयटीतल्या मुली, सगळ्यांना हे लागू आहे.

८. चिठ्ठीशिवाय ही औषधे मिळतात म्हणे. मग ती बेकायदा कशी?

मिळणे आणि कायद्याने मिळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर माझ्याच व्यवसायातले काही लोक पैशासाठी पुसतात, याचे मला वाईट वाटते. मोडॅफिनिल नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मिथाइलफेनिडेटचे नियम आणखी कडक आहेत. ते औषध नियमावलीच्या ‘एक्स’ अनुसूचीत येते: त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीतही ते आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय त्याची देवघेव हा अमली पदार्थांच्या कायद्याखालील विषय होतो. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीची वाट पाहणाऱ्या मुलाने हे दोनदा वाचावे.

समाजमाध्यमांवरून किंवा कुरिअरने मागवलेल्या स्ट्रिपमध्ये नावाप्रमाणे तेच औषध तेवढ्याच मात्रेत आहे, याची खात्री डोळ्यांनी करता येत नाही. तीस वर्षे स्ट्रिपा हाताळून मलाही येत नाही.

९. माझ्या मित्राला एडीएचडी आहे, तो आपल्यातल्या दोन गोळ्या देतो. आणि मला स्वतःलाच एडीएचडी असेल तर?

मित्राच्या गोळ्या घेऊ नका. त्याची मात्रा डॉक्टरांनी त्याचे वजन, रक्तदाब आणि प्रतिसाद पाहून हळूहळू ठरवलेली असते. दोन गोळ्या तुम्हाला दिल्या की त्याचे दोन डोस बुडतात. कायद्याच्या दृष्टीने तो काय करतो, ते प्रश्न ८ मध्ये आले आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग मी गांभीर्याने घेतो, कारण काहीजणांना खरोखर हा विकार असतो आणि तो वर्षानुवर्षे “आळशी” या शिक्क्याखाली दडून राहतो. निदानासाठी लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात आणि ती अभ्यासापुरती नसून घर, शाळा, मैत्री अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात. परीक्षा जवळ आल्यावर प्रथमच लक्ष उडू लागले असेल, तर कारण बहुधा अपुरी झोप, चिंता, नैराश्य किंवा मोबाईल हे असते. “गोळी घेतल्यावर लक्ष लागले, म्हणजे मला एडीएचडी आहे” हा तर्क चालत नाही. ही औषधे निरोगी माणसालाही जागे ठेवतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्या आणि शक्य असल्यास आईला सोबत न्या. तुम्ही सहावीत कसे होता, ते तिला आठवत असते.

१०. मुलाखतीत हात थरथरतात. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल घेतले तर चालेल का?

प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाब, हृदयाची अनियमित गती आणि अर्धशिशी यांवरचे औषध आहे. ते ॲड्रेनलिनचा परिणाम रोखते, त्यामुळे धडधड आणि थरथर कमी होते. विचारशक्तीत त्याने भर पडत नाही. डॉक्टर तपासणी करून काहींना ते मंचभीतीसाठी देतात, म्हणजे रास्त मार्ग उपलब्ध आहे. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका: दमा असलेल्यांना त्याने जीवघेणा झटका येऊ शकतो आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधडीची खूण झाकली जाते.

नेमबाजीत तर हे औषध बंदी असलेले आहे, कारण स्थिर हातालाच तेथे गुण असतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जाँग-सू याची दोन पदके प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेण्यात आली. मोडॅफिनिलही स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत अमेरिकेची धावपटू केली व्हाइट त्यातच अडकली. क्रीडा कोट्यातून अर्ज करणाऱ्या खेळाडूंनी अभ्यासासाठी घेतलेली गोळी मैदानावरही मोजली जाते, हे ध्यानात ठेवावे.

११. पिरासिटाम किंवा ब्राह्मी तरी निर्धोक आहेत ना?

पिरासिटाम बेल्जियममधील यूसीबी कंपनीत १९६४ मध्ये कॉर्नेल्यू जुर्जा यांनी तयार केले आणि ‘नूट्रॉपिक’ (बुद्धी वाढवणारे औषध) हा शब्दही त्यांनीच १९७२ मध्ये रूढ केला. शब्द जगभर पसरला. निरोगी माणसाची बुद्धी त्याने वाढते, याचा भक्कम पुरावा मात्र उभा राहिला नाही. आपल्याकडे तेही चिठ्ठीचेच औषध आहे. ब्राह्मीवर काही छोटे प्रयोग झाले आहेत. त्यांत दिसलेला फायदा माफक असून तो दिसायला अनेक आठवडे लागतात. उद्याच्या पेपरसाठी दोन्हींचा उपयोग नाही.

१२. अमेरिकेतला भाऊ सुट्टीत येताना ऍडरॉल आणतो म्हणतो. आणू द्यावे का?

नको. ऍडरॉल भारतात विक्रीस नाही आणि अँफेटामिन एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे. स्वतःच्या आजारासाठी स्वतःचे औषध आणणे वेगळे. त्यासाठीही चिठ्ठी, मूळ डबी आणि प्रवासाआधी नियमांची चौकशी आवश्यक असते. दुसऱ्यासाठी आणणे ही तस्करीच ठरू शकते. वाटेत जपानमध्ये विमान बदलणार असेल तर आणखी सावध राहावे, कारण तेथे अँफेटामिनयुक्त औषधे चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

१३. सैनिक आणि वैमानिक घेतात, मग आम्ही का नाही?

काही देशांच्या सैन्यांनी ती दिली आहेत, हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना पर्व्हिटिन म्हणजे मेथअँफेटामिन आणि ब्रिटिश-अमेरिकन सैनिकांना बेंझेड्रिन दिले जाई. पण तेथे पर्याय मृत्यूचा होता आणि गोळीवर देखरेख वैद्यकीय अधिकाऱ्याची होती. तरीही वाद संपले नाहीत: एप्रिल २००२ मध्ये कंदाहारजवळ अमेरिकी विमानाने टाकलेल्या बॉम्बमुळे कॅनडाचे चार सैनिक मरण पावले, तेव्हा वैमानिकांच्या बचावात त्यांना दिलेल्या डेक्सअँफेटामिनच्या ‘गो पिल्स’चा मुद्दा मांडला गेला. सीमेवरची रात्र आणि अभ्यासिकेतली रात्र यांची तुलना मला पटत नाही. अभ्यासिकेतून उठून झोपायला जाता येते.

१४. याला फसवणूक म्हणायचे का?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये चिठ्ठीशिवाय अशी औषधे घेऊन अभ्यास करण्याला शैक्षणिक अप्रामाणिकपणात धरले. उलट मताचेही विद्वान आहेत. २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये काही शास्त्रज्ञांनी निरोगी प्रौढांना जबाबदारीने वापराची मुभा असावी असे लिहिले. मला दुसरीच बाब जास्त छळते. शेजारच्या टेबलावरचा एक घेतो म्हणून दुसरा घेतो, मग तिसरा, आणि ज्याला नको असते त्यालाही मागे पडण्याची भीती वाटू लागते. गावाकडून येणाऱ्या पाच हजारांत खोली, मेस आणि अभ्यासिका भागवणारा मुलगा त्यात चोरून घेतलेल्या स्ट्रिपचा खर्च बसवू पाहतो, तेव्हा मेसचे एक वेळचे जेवण कमी करतो. हे मी माझ्या काउंटरवर पाहिले आहे.

१५. सवय लागते का? लागली असेल तर काय करावे?

मिथाइलफेनिडेट आणि अँफेटामिन यांची व्यसनक्षमता निश्चित आहे, म्हणूनच त्यांच्यावर एवढे निर्बंध आहेत. मोडॅफिनिलची कमी आहे, शून्य नाही. “गोळीशिवाय पुस्तक उघडवत नाही” हे वाक्य मनात येऊ लागले की थांबण्याची वेळ झालेली असते. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेत असाल तर बंद करताना खूप झोप, मरगळ आणि उदासी येऊ शकते. म्हणून हे डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले तर क्षणभरही एकटे राहू नका. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

१६. मुलाच्या बॅगेत अशी स्ट्रिप सापडली. आम्ही काय करावे?

ओरडू नका आणि स्ट्रिप लगेच फेकूनही देऊ नका. तिच्यावरचे नाव, मात्रा आणि किती गोळ्या संपल्या आहेत ते टिपून घ्या. डॉक्टरांना तेच आधी लागते. त्याला छातीत दुखत असेल, तो असंबद्ध बोलत असेल किंवा अंगावर पुरळ असेल, तर थेट रुग्णालयात न्या (प्रश्न ६). तसे काही नसेल, तर संध्याकाळी जेवायला बसल्यावर पहिला प्रश्न औषधाचा न विचारता “किती दिवस झोपला नाहीस?” असा विचारा. अनेक मुले या प्रश्नाला खरे उत्तर देतात. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती स्ट्रिप सोबत न्या.